ढाळ

भिंतीला टेकलेला हात घसरला तेव्हा पद्मिनीला वाटलं, आपणच पडतोय. तिच्या डाव्या हातात नवऱ्याचा, गोपीनाथांचा, उजवा पाय होता. आठ महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून तो पाय त्यांचा असून नसल्यासारखा झाला होता. काठी टेकत घरातल्या घरात ते चालायचे, पण शॉवरभोवतीचा चार इंची कट्टा ओलांडायचा तर तो पाय पोटरीखाली धरून, उचलून पलीकडे नेऊन ठेवावा लागे. रोज सकाळी ती वाकायची, उजवा पंजा भिंतीला टेकवायची आणि मनात एक, दोन, तीन म्हणायची. त्या दिवशी दोनलाच भिंतीवरची टाइल पंज्याखालून सुटली, सरकली आणि खाली पडून फुटली. पद्मिनीचं कपाळ नळाच्या पाइपवर आपटलं. गोपीनाथांनी डाव्या हाताने शॉवरचा दांडा पकडला. दांडा वाकला, पण सुटला नाही. दोघंही तशीच राहिली, ती वाकलेली, ते एका पायावर. पाणी दोघांच्या मधून पडत होतं. मग गोपीनाथ म्हणाले, "उलटं."

हा त्यांचा शब्द होता. झटक्याने उजवी बाजू गेली आणि भाषाही गेली. राहिला तो हा एक शब्द, तो का राहिला हे कुणाला सांगता येत नव्हतं. चहा हवा असला की उलटं, पंखा बंद कर म्हणायचं असलं की उलटं, बंगळूरहून मुलीचा, अनन्याचा, फोन आला की स्क्रीनवरच्या तिच्या चेहऱ्याकडे बघून अगदी प्रेमाने उलटं. बोलण्याचे व्यायाम घ्यायला येणाऱ्या बाईंनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "मैडम, शब्द पर मत जाइए. सुई अटक गई है, बस. चेहरा देखा कीजिए." पद्मिनीला ते लगेच पटलं. तिची संशोधन संस्थेतली सगळी नोकरीच तशी होती. तळ्यांच्या तळाचा हजारो वर्षांपूर्वीचा गाळ काढायचा, धुवायचा, काचपट्टीवर घ्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली त्यातले परागकण मोजायचे. काचपट्टीवर दिसतं त्यातला बहुतेक भाग नुसता कचरा असतो. डोळ्यांना तो वगळायची सवय लागते, आणि एकदा लागली की कचरा दिसतच नाही. तसा तिने तो शब्द वगळायला घेतला होता. चेहरा बघायची, अंदाज करायची, आणि चहा नेऊन द्यायची. हळूहळू चेहराही बघायचा राहून गेला, कारण चहाच्या वेळा ठरलेल्याच होत्या.

टाइल पडली तिथे मागे भिंत नव्हतीच म्हणायची. बोट लावलं तर ओली रेती निघत होती, आणि बोट सहज पेरभर आत गेलं. शेजारची टाइल तिने टिचकी मारून पाहिली, ती पोकळ वाजली. तिच्या शेजारचीही. आता या भिंतीला हात टेकवून गोपीनाथांचा पाय उचलायचा म्हणजे दोघांनी एकदमच पडायचं. घरात दुसरी मोरी होती, मागच्या अंगणाला लागून, पण ती इतकी अरुंद की खुर्ची आत जात नव्हती. म्हणजे ही बाथरूम फोडायची, कट्टाच काढून टाकायचा, जमीन खोलीशी सपाट करायची, पायाखाली घसरणार नाहीत अशा खरखरीत टाइल लावायच्या. हे सगळं तिला तिथेच, ओल्या कपड्यांत, एका झटक्यात कळलं आणि त्याचाच राग आला. आठ महिने ती रोज हा कट्टा ओलांडत होती. इतकं साधं आधी का नाही सुचलं?

कट्टा गोपीनाथांचाच होता. अकरा वर्षांपूर्वी वृंदावन योजना या वसाहतीतलं हे तळमजल्याचं घर घेतलं तेव्हा त्यांनी आलेखाच्या कागदावर बाथरूमचं चित्र काढलं होतं, मोजमापांसकट. रेल्वेत पुलांचे इंजिनिअर, मूळचे मिरजेचे, नोकरीने उत्तरेत आलेले. मिस्त्रीच्या मागे दोन दिवस हात पाठीशी बांधून उभे राहिले होते. "एवढा उंच कशाला?" असं तिने विचारलं तर म्हणाले होते, "पद्मा, पाण्याला तुझ्या मताची गरज नसते." वाक्य विनोदाचं होतं, मिस्त्रीही हसला होता. पद्मिनी हसली नव्हती, आणि पुढे बोललीही नव्हती. अशी न बोललेली उत्तरं तिच्याकडे पुष्कळ होती. लग्नानंतर झाशीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिने एकदा एक चित्र टांगलं होतं, माहेरून, वर्ध्याहून आणलेलं, मामेबहिणीने काढलेलं. खिळा ठोकताना अंगठ्यावर हातोडा बसला होता. संध्याकाळी गोपीनाथ आले, चित्राकडे बघितलं, काही न बोलता ते उतरवलं, पट्टीने भिंत मोजली आणि दोन बोटं डावीकडे नवा खिळा ठोकून परत टांगलं. जुन्या खिळ्याचं भोक चित्राच्या कडेला तसंच दिसत राहिलं. त्यानंतर सव्वीस वर्षांत तिने हातोडा उचलला नव्हता. सोड, माणूस येईल, असं ते म्हणायचे, आणि माणूस यायचा.

या वेळी मोहन आला. तेलीबागच्या बाजारात सकाळी मिस्त्री उभे राहतात, तिथून तिने त्याला आणलं. चाळिशीचा, कमी बोलणारा. तीन दिवसांत त्याने कट्टा फोडला, जमीन उकरली, भिंतीच्या टाइल छातीपर्यंत काढल्या, कोपऱ्यात पाणी जायची नवी जाळी बसवली, आणि चौथ्या दिवशी हात धुऊन उभा राहिला. "गेहूँ पक गया है, मैडम. कटाई करके आते हैं. चार दिन."

"चार दिन, पक्का?"

"पक्का."

दहाव्या दिवशी त्याचा फोन बंद लागला. पद्मिनी पुन्हा तेलीबागला गेली तर बाजारातला तो कोपरा रिकामा होता. एप्रिलच्या शेवटी सगळे गावी असतात, असं चहावाला म्हणाला. जे दोघं मिळाले ते घरी आले, दारातूनच आत डोकावले. "किसी और का छेड़ा हुआ काम है, इसमें हाथ नहीं लगाएँगे," असं म्हणून दोघंही गेले. संस्थेत तिने रजा वाढवून घेतली. घरात सिमेंटची धूळ कूलरच्या वाऱ्याने सगळीकडे फिरत होती, भाकरीच्या पिठात सुद्धा. गोपीनाथांना आता पलंगावरच ओल्या टॉवेलने पुसून घ्यावं लागत होतं. प्लॅस्टिकच्या टबात पाणी, गादीवर मेणकापड. ते तोंड भिंतीकडे करून पडून राहायचे. पुसताना त्यांच्या अंगाला एक ताण यायचा, चांगल्या डाव्या बाजूला, आणि तो ताण तिला आपल्याविरुद्ध वाटायचा. आपण हे सगळं करतोय आणि हा माणूस दात आवळून पडलाय. एका सकाळी मानेखालून टॉवेल फिरवताना त्यांनी तो तिच्या हातातून ओढला आणि फेकला. ओला टॉवेल कपाटाच्या आरशावर जाऊन आपटला. पद्मिनी उठली, टबातलं पाणी ओतून आली, त्यांना कोरडे कपडे घातले, चहा दिला, आणि पर्स घेऊन बाहेर पडली. ई-रिक्षात बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलतोय. काय बोलतोय ते तिने ऐकायचं टाळलं.

"मिस्त्री को भेज दीजिए न," तेलीबागचा दुकानदार म्हणाला. "कितना लगेगा, कौन सा लगेगा, हम उन्हीं से बात कर लेंगे."

"मिस्त्री मैं ही हूँ," पद्मिनी म्हणाली.

तो हसला, मग तिचा चेहरा बघून थांबला. गळती रोखणाऱ्या लेपाचा डबा, टाइल चिकटवायच्या पावडरची पोती, थापी, दातेरी पट्टी, रबरी हातोडा, दोन टाइलांमध्ये ठेवायच्या प्लॅस्टिकच्या फुल्या, आणि बुडबुड्याची लेव्हल, असं सगळं त्याने काढून दिलं. लेव्हल म्हणजे हातभर लांब पिवळी पट्टी, मधे काचेची नळी, नळीत हिरवं पाणी आणि एक बुडबुडा. ती हातात घेतल्यावर तिला बरं वाटलं. संस्थेतल्या उपकरणांसारखी होती.

अनन्याने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मम्मा, वीडियो देखके कोई बाथरूम बनाता है क्या? रहने दो यार. कटाई के बाद करवा लेना."

"बाबांना पलंगावर पुसतेय मी रोज."

"हाँ, पर आपकी कमर..."

"माझ्या कमरेचं मी बघेन," पद्मिनी म्हणाली, आणि फोन ठेवल्यावर उगाच इतकं तोडून बोललो असं वाटून आणखी चिडली.

पहिले आठ दिवस तिला पुढे कितीदा तरी आठवत राहिले. त्यात एकही गोष्ट एका खेपेत झाली नाही. लेप जाड लागला आणि रात्रीतून त्याला भेगा पडल्या. तो खरवडून काढण्यात दीड दिवस गेला. दुसरा लेप सुकल्यावर दारात विटा रचून, फटी बुजवून तिने आत वीतभर पाणी साठवलं आणि एक दिवस तसंच ठेवलं. पाणी खडूने केलेल्या खुणेवरून उतरलं नाही. म्हणजे पाणी झिरपत नव्हतं. या एका यशाने ती चढून गेली, आणि तिथेच घाई झाली. सिमेंट कालवून पोत्यावरच्या सूचना पुन्हा वाचेपर्यंत ते पाटीत घट्ट व्हायचं. दुपारी बाहेर लूचे गरम वारे सुटलेले, लाइट गेलेली, गुडघ्यांखाली घेतलेली उशी ओली, नखांच्या कडांना सिमेंटने चिरा. व्हिडिओतला माणूस तरुण होता, हातमोजे स्वच्छ, आणि तो प्रत्येक वाक्याआधी आता अगदी सोपं असं म्हणायचा. त्याचा तिला इतका द्वेष वाटायला लागला की ती आवाज बंद करून नुसते हात बघू लागली.

आणि दारात गोपीनाथ. पहिल्या दिवशी ती कामाला बसली तेव्हाच ते काठी टेकत आले आणि बाथरूमच्या दाराबाहेरच्या खुर्चीवर बसले. बसले ते बसलेच. पाठीवर त्यांची नजर होती आणि ती नजर तिला सव्वीस वर्षांपासून ओळखीची होती. ती थापी फिरवायची, थांबायची, लेव्हल ठेवायची. बुडबुडा नळीत सरकायचा. "उलटं," गोपीनाथ म्हणायचे. तिने वर्तमानपत्र आणून त्यांच्या मांडीवर ठेवलं. खुर्ची टीव्हीकडे वळवून दिली. ते डाव्या पायाने जमिनीला रेटा देत देत खुर्ची परत वळवायचे. खुर्चीचे पाय फरशीवर खरडल्याचा आवाज यायचा आणि त्यामागोमाग तो शब्द. "उलटं. उलटं." काठीचं टोक जमिनीवर आपटायचं. तिला वाटायचं, माणसाचं सगळं गेलं, बोलणं गेलं, हात गेला, पण मिस्त्रीच्या मागे उभं राहणं नाही गेलं. एकदा मागे न बघता ती म्हणाली, "हो, उलटं. सगळं उलटंच आहे." आणि काम करत राहिली. चौदा वेळा तो शब्द एका दुपारी. ती मोजत होती हे तिच्या नंतर लक्षात आलं.

ढाळ तिने मन लावून दिला होता. दारापासून कोपऱ्यातल्या जाळीपर्यंत सहा फूट. फुटामागे पाव इंच उतार हवा, असं व्हिडिओत होतं. कट्टा गेल्यामुळे आता ढाळ हीच एक गोष्ट होती जी पाण्याला खोलीत येऊ देणार नव्हती. दर हातभर जागेवर लेव्हल ठेवून ती बुडबुडा बघायची. बुडबुडा जाळीच्या बाजूला सरकला की बरोबर, नाही सरकला तर सिमेंट काढायची किंवा घालायची. जाळी जरा खोल राहतेय असं दिसलं तेव्हा दुकानातून प्लॅस्टिकची कडी आणून तिने तिचं तोंडही वर घेतलं. मग टाइल. खरखरीत, राखी, फूटभर लांब-रुंद. चार दिवस त्यात गेले. कापताना सात टाइल फुटल्या. शेवटची टाइल दाराशी बसली तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते. फटी भरून, दोन दिवस थांबून, तिसऱ्या दिवशी सकाळी तिने बादली भरली. गोपीनाथ खुर्चीवर होतेच. तिने कोपऱ्यापासून जरा अलीकडे पाणी ओतलं आणि मागे सरून उभी राहिली.

पाणी क्षणभर थबकलं. मग ते एका रुंद, सपाट जिभेसारखं दाराकडे निघालं. घाई न करता. तिच्या पायांमधून गेलं, उंबऱ्याची सपाट केलेली जागा ओलांडली, गोपीनाथांच्या चपलांखाली शिरलं, खुर्चीच्या पायांना वळसा घातला आणि बेडरूममध्ये पलंगाच्या दिशेने पसरलं. कोपऱ्यातली जाळी कोरडी होती. पद्मिनीने खाली बसून लेव्हल जमिनीवर ठेवली. बुडबुडा जाळीकडे सरकला, नेहमीसारखा. आणि मग ते तिला कळलं. बुडबुडा म्हणजे हवा. हवा वर जाते. बुडबुडा जिकडे जातो तिकडे जमीन उंच असते. काचेच्या नळीत हिरवं पाणी खाली राहतं आणि बुडबुडा चढावर जातो, हे शाळेतल्या मुलाला कळेल. तिने बारा दिवस प्रत्येक हातभर जागा तपासून, मन लावून, अचूकपणे, बरोब्बर उलटा ढाळ दिला होता.

उलटा.

ती वळली. गोपीनाथांचे पाय पाण्यात होते. ते तिच्याकडे बघत होते, आणि ओठ हलण्याच्या बेतात होते. तो शब्द पुन्हा येणार होता. आता तो आला असता तर तिला काय झालं असतं ते तिलाच माहीत नव्हतं.

"बोलू नकोस," ती म्हणाली. "एक अक्षर बोलू नकोस तू. पहिल्या दिवसापासून दिसत होतं तुला. बसून बघत होतास. काठी होती ना हातात? उठून ती लेव्हल फेकून द्यायची, पाटी लाथाडायची, टॉवेल फेकता येतो तुला. मी इथे गुडघे फोडतेय आणि तू आपला बसून, उलटं, उलटं. मला कसं कळणार? चहालाही तेच म्हणतोस ना तू?"

आवाज इतका चढला होता की बाहेरच्या रस्त्यावर भाजीवाल्याने हाक अर्धवट सोडली असं तिला वाटलं. लग्नापासून तिने त्यांना अहो-जाहोच केलं होतं. तू हा शब्द तोंडातून गेला हे तिला शेवटच्या वाक्यापर्यंत कळलंच नाही. कळलं तेव्हा ती थांबली. गोपीनाथांचा चेहरा वाकडा झाला, डावी बाजू वर गेली, उजवी तशीच लोंबती राहिली, छातीतून काहीतरी धक्के देत वर येऊ लागलं. रडतायत, असं वाटून ती दोन पावलं पुढे गेली. ते हसत होते. आवाज नव्हता, डोळ्यांतून पाणी येत होतं, पण ते हसतच होते. आठ महिन्यांत त्यांच्याशी कुणी भांडलं नव्हतं. डॉक्टर, शेजारी, अनन्या, ती स्वतः, सगळी लहान मुलाशी बोलावं तशी हळू आणि गोड बोलत होती. पद्मिनीला हसू आलं नाही. तिने फडकं आणलं आणि पलंगाखालचं पाणी पुसायला बसली. पुसता पुसता तिला वाटलं, सुई अडकली नव्हती. निदान या बारा दिवसांत तरी नव्हती. आणि मग आधीच्या आठ महिन्यांत किती वेळा नव्हती, हा हिशेब करायला घेतला आणि तो पुढे सरकेना म्हणून तिने फडकं जोरात पिळलं.

पुढचं सगळं फोडावं लागलं. स्वतः लावलेली टाइल छिन्नीने काढताना कळतं की ती किती पक्की बसली होती. अर्ध्या टाइल वाचल्या, अर्ध्या नव्या आणल्या. दुकानदाराने काही विचारलं नाही, उलट पावडरचं पोतं स्वतः उचलून रिक्षात ठेवलं. गोपीनाथांनी कपाटाकडे बोट दाखवलं. खालच्या खणात त्यांच्या कामाच्या जुन्या वस्तू होत्या. तिने एक एक काढून दाखवली, त्यांनी मान हलवत नाकारली, शेवटी पारदर्शक प्लॅस्टिकच्या नळीचं वेटोळं निघालं तेव्हा त्यांनी काठी आपटली. नळीत पाणी भरायचं. एक टोक त्यांच्या डाव्या हातात, दाराच्या चौकटीवरच्या खुणेशी, दुसरं तिच्याकडे. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर येतं, मधे काहीही असो. तिथून खाली मोजायचं. इथे बुडबुडा नव्हता आणि समजुतीचा घोटाळा नव्हता. प्रश्न कसे विचारायचे ते मात्र दोघांना शिकावं लागलं. "खाली घेऊ?" एक बोट म्हणजे हो. दोन बोटं म्हणजे नाही. "किती?" बोटाच्या पेरावर अंगठा टेकवून ते दाखवायचे. ती चुकली की काठी आपटायचे, आणि चूक नसताना त्यांनी आपटली की ती म्हणायची, "पाणी बघ नळीतलं, मला नको बघूस." बाथरूमच्या आत ती त्यांना तू म्हणत होती. बाहेर येऊन हात धुतले, जेवायला वाढलं, की पुन्हा अहो. हे असं का होतं त्याचा विचार करायला वेळ नव्हता. एका सकाळी त्यांनी सहावी टाइल नाकारली. तिला ती अगदी बरोबर दिसत होती. पाऊण तास दोघं भांडली, तिच्या बाजूने वाक्यं, त्यांच्या बाजूने दोन बोटं. शेवटी तिने टाइल उचलून बाजूला आपटली आणि स्वयंपाकघरात जाऊन बसली. परत आली तेव्हा ते खुर्चीतून खाली, जमिनीवर बसले होते. कसे उतरले देव जाणे. डाव्या हाताने थापी धरून टाइलखालचं सिमेंट खरवडत होते. वाईट खरवडत होते. तिने थापी घेतली नाही. शेजारी बसून टाइल धरली.

मेच्या अखेरीला बाथरूम झाली. देखणी झाली नाही. फटींच्या रेषा दारापाशी किंचित तिरक्या होत्या, भिंतीवरची एक टाइल शेजारणीपेक्षा पुढे आली होती, आणि धरायच्या स्टीलच्या दांड्याखाली चुकून पाडलेली दोन भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवलेली होती. पण बादली ओतली की पाणी एकही आढेवेढे न घेता कोपऱ्याकडे जात होतं. पद्मिनीने तीन वेळा ओतून पाहिलं. पहिली आंघोळ दुसऱ्या दिवशी सकाळी ठरली, टाकीतलं पाणी उन्हाने तापायच्या आत. तिने प्लॅस्टिकची खुर्ची आत ठेवली, हातात धरायचा शॉवर खाली लावला, साबण, तांब्या, टॉवेल, सगळं डाव्या हाताला. साडीचा पदर खोचला. गोपीनाथ काठी टेकत आले. दाराशी थांबले, खाली बघितलं, आणि उजवा पाय न उचलता, ओढत, सरळ आत घेऊन गेले. काही झालं नाही. कट्टा नव्हता. ते खुर्चीवर बसले. पद्मिनी सदऱ्याची बटणं काढायला वाकली.

त्यांनी तिचं मनगट धरलं. तिला वाटलं, काहीतरी राहिलं. "टॉवेल आहे इथे," ती म्हणाली. त्यांनी मनगट सोडलं आणि हाताचा तळवा तिच्या खांद्यावर ठेवून तिला मागे सारलं. जोरात नाही. मग दाराकडे बोट केलं.

"अहो, एकट्याने कसं होईल? पडलात तर?"

बोट दाराकडेच राहिलं. ती बाहेर आली. मागे वळेपर्यंत त्यांनी काठीच्या टोकाने दार ढकललं होतं. ते हळूहळू येऊन चौकटीला टेकलं आणि बंद झालं.

ती तिथेच उभी राहिली आणि तिला संताप आला. पाच आठवडे गुडघ्यांवर बसून केलेलं काम, आणि त्यावर पडणारं पहिलं खरं पाणी तिने बघायचं नाही. दाराची फट शोधायला तिचा डोळा गेलासुद्धा. आत कपड्यांची खसखस झाली, बराच वेळ झाली. बटणं एका हाताने काढायची म्हणजे वेळ लागणारच. मग नळाचा आवाज. तो आवाज ऐकत असताना तिचा राग कुठेतरी अडला. ही बाथरूम ती आपल्या कमरेसाठी करत होती, त्यांच्या पायासाठी करत होती, मोहनवरच्या रागाने करत होती, आणि झाशीच्या त्या जुन्या खिळ्याचाही त्यात वाटा होता, हे तिला माहीत होतं. पण त्यांच्या जागेवरून बघितलं तर आठ महिने रोज सकाळी कुणीतरी आपल्याला उघडं करतं, पुसतं, झाकतं, आणि आपण भिंतीकडे तोंड करून पडून राहतो. अंगाला यायचा तो ताण. तिने बोटांवर उत्तरं घ्यायला शिकल्यावर त्यांना शेकडो प्रश्न विचारले होते. खाली घेऊ, वर घेऊ, किती, इथे की तिथे. सगळे ढाळाचे. तुम्हाला एकट्याने आंघोळ करायचीय का, हा प्रश्नही एका बोटाचा होता आणि तो तिने विचारला नव्हता.

आत काहीतरी पडलं. तिचा हात दाराच्या मुठीवर गेला.

"अहो. येऊ का आत?"

पाण्याचा आवाज थांबला. पडलेला तांब्या जमिनीवर गोल गोल फिरून शांत झाला.

"येऊ का?"

"नको," आतून आवाज आला.

खरखरीत, घशातल्या घशात, पण दुसरा कुठलाही शब्द नव्हता तो. पद्मिनीने मूठ धरलेला हात तसाच ठेवला, थोडा वेळ. मग काढून घेतला. पाणी पुन्हा सुरू झालं. पलंगावर तिचा फोन वाजत होता. ती गेली आणि तिने तो उचलला. अनन्या होती.

"मम्मा, हो गया बाथरूम? चल रहा है ठीक से?"

"झालं."

"बाबा कहाँ हैं? उनको दो ना."

"आंघोळ करतायत."

"अकेले?"

"हो."

अनन्याने विचारलं, "और आप?"

पद्मिनीने दाराकडे बघितलं. दाराखालची फरशी कोरडी होती.

"मी बाहेर आहे," ती म्हणाली.